मोटार असताना वल्ही कशाला?

कॅम्पबेल रिव्हर, ब्रिटिश कोलंबिया
२० ऑगस्ट

प्रिय बाबू,

मोटारबोट दारात असताना माणसं वल्ही मारत मासे कशाला पकडतात, असं तू विचारलंस. फोनवर उरकण्यासारखं हे नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी इथलं पाणी समजून घे. पॅसिफिकच्या मोठ्या लाटा व्हँकूव्हर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर आपटतात. बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधली जॉर्जियाची सामुद्रधुनी त्याच्या आडोशाला राहते. उन्हाळ्यातल्या सकाळी ती खाडीसारखी निवांत दिसते, पण प्रवाह जबरदस्त. बेटाला उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून वळसा घालून येणारी भरती आमच्या गावाच्या जरा खालच्या अंगाला एकमेकींना भिडते. वरच्या अंगाला सीमूर नॅरोज या अरुंद पट्ट्यात पाणी १५ नॉटपर्यंत, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटर, वेग घेतं. तिथल्या रिपल रॉकवर जहाजं फुटायची, शेवटी १९५८ साली सुरुंग लावून त्या खडकाचा माथाच उडवला. त्यामुळे इथं घड्याळापेक्षा भरती-सुकतीचा तक्ता आधी बघायचा. पाणी वळतं तेवढा वेळ खरा कामाचा.

सामन इथं पाच जातींचा: चिनूक, कोहो, सॉकाय, पिंक आणि चम. नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो, परत नदीत येऊन अंडी घालतो आणि मरतो. पोहोचला नाही तर त्याची पुढची पिढीच नाही. माझ्या मनात बाकी सगळं या एका गोष्टीनंतर येतं.

बहुतेक लोक मोटारबोटीनंच जातात. डाउनरिगर म्हणजे तारेला टांगलेला शिशाचा गोळा. त्यानं गळ हव्या त्या खोलीवर न्यायचा, पुढं चमकणारी पट्टी, मागं रबरी माकुल किंवा हेरिंग नावाचा छोटा मासा, आणि सावकाश बोट चालवायची. मीही जातो, त्यात काही वाईट नाही. पण कॅम्पबेल नदीच्या मुखाशी एक पट्टा आहे, टाई पूल. तिथं १९२४ साली स्थापन झालेल्या टाई क्लब या हौशी मासेमारांच्या मंडळाचे नियम चालतात. बोट वल्ह्यांची. गळ एकच, त्याला उलटं टोक नाही. आमिष खोटं. तंगूस, म्हणजे गळाची दोरी, २० पौंडांहून जास्त ताण सोसणारी नको. आणि मासा ३० पौंडांचा, म्हणजे साडेतेरा किलोच्या वरचा चिनूक असला, तरच वहीत नोंद. हंगाम १५ जुलै ते १५ सप्टेंबर.

दोघं लागतात. एक वल्ह्यांवर, दुसऱ्याच्या हातात रॉड. वल्हवणाऱ्यानं बोट पुढं न्यायचीच नसते, प्रवाहाच्या तोंडी जागच्या जागी धरायची असते. धातूचा चमचा, म्हणजे ते खोटं आमिष, पाण्यात हलतो, तसं रॉडचं टोक एका लयीत थरथरतं. ती लय बिघडली की गवत अडकलं. थांबली की श्वास रोखायचा. नदीच्या तोंडाशी आलेल्या चिनूकची भूक जवळजवळ मेलेली असते, तरी तो चमच्यावर चवताळून येतो. आणि एकदा गळाला लागला की रीळ उलटं धावतं, मुठीचा दांडा गरगर फिरतो, बोटं मध्ये घालायची सोय नाही. तेव्हा वल्हवणाऱ्याचं काम सुरू होतं: माशाच्या मागं जायचं, दोरी दुसऱ्या बोटींतून सोडवायची आणि त्याला उथळ पाण्यापासून दूर काढायचं. अर्धा मासा त्यानंच पकडलेला असतो, आणि तुझ्यासारख्या होडीत वाढलेल्या माणसाला मी त्याच जागी बसवणार आहे.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी असाच एक बोटीच्या कडेला आला. पाठ हिरवट काळी, शेपटीच्या दोन्ही पाकळ्यांवर ठिपके, हिरडी काळीकुट्ट. कोहोची हिरडी पांढरी असते, चिनूक ओळखायचा तो इथंच. नदीजवळ आल्यामुळे अंगावर तांबूस झाक चढायला लागली होती. माझ्या सोबत्यानं त्याला पाण्याबाहेर काढलंच नाही. पक्कडीनं गळ फिरवला, उलटं टोक नसल्यामुळे तो लगेच सुटला. मग शेपटीच्या देठाशी हात धरून, तोंड प्रवाहाकडं करून त्यानं वाट पाहिली. कल्ले उघडमीट व्हायला लागले, आणि माशानं हाताला हिसका दिला.

बाबू, यात नुसती हौस नाही. फ्रेझर नदीचे काही चिनूक इतके घटले की २०१९ साली वसंतापासून जुलैपर्यंत दक्षिणेकडच्या पाण्यात चिनूक ठेवायलाच बंदी आली. शंभरापेक्षाही कमी उरलेले दक्षिणेकडचे ओर्का, म्हणजे काळेपांढरे शिकारी देवमासे, प्रामुख्यानं चिनूकवरच जगतात. पैदास केंद्रातून सोडलेल्या बऱ्याच माशांचा शेपटीजवळचा छोटा मांसल पर आधीच कापलेला असतो. तो बघून कुठला ठेवायचा आणि कुठला सोडायचा ते ठरतं. ठेवलेला चिनूक तिथल्या तिथं परवान्यावर नोंदवायचा. सुरुवातीला मला हे जाचाचं वाटायचं असं तुला वाटेल, पण तसं नव्हतं. आपल्या रापणीत, किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या जाळ्यात, वाटा ठरलेला असतो तसा इथं नदीचाही वाटा ठरलाय, एवढंच मी पाहिलं. पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांनी आणि एलईडीच्या दिव्यांनी तुमच्याकडं जे चाललंय, त्याबद्दल तुझं पत्र वाचून म्हणूनच जीव तुटला. मोटार, दिवा, जाळं, सगळं हातात असताना आपण होऊन थोडं बाजूला ठेवणारी माणसं मी इथं रोज बघतो. हे जमतं, बाबू. तुझ्या मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत हे सांग.

खाण्याचं म्हणशील तर ठेवलेल्या कोहोची तुकडी मी तळतो, तेल नावापुरतं, त्याची चरबीच सुटते. गाबोळी मिळाली तर हळद-मीठ लावून वेगळी. कालवणात मात्र हा मासा मला रुचत नाही, रस्सा जड होतो. काकी काही वेगळं सुचवत असतील तर विचार.

पुढच्या वर्षी ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात ये. विमान व्हँकूव्हरपर्यंत, पुढं हॉर्सशू बेहून नानायमोची फेरी. तिथं मी गाडी घेऊन येतो, मग दीडशे किलोमीटर. परवाना ऑनलाइन निघतो, त्याचं मी बघतो. पहाटे पाण्यावर थंडी असते, स्वेटर आण, आणि आमसुलं थोडी जास्तच आण. तारखा नक्की झाल्या की लगेच कळव, वल्ह्यांची बोट आधी सांगून ठेवावी लागते.

काका-काकींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
सुधीर