चिपळूणच्या मित्रास पत्र: रेंगाळणारा संगणक आणि ओरडणारा पडदा

सांगली,
रविवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र काल पोस्टाने मिळाले. संगणकाला हात लावायची धास्ती वाटते म्हणून तू चार पाने हाताने लिहून काढलीस, हे वाचून आधी हसू आले आणि मग थोडे वाईटही वाटले. तू दोन तक्रारी एका दमात मांडल्या आहेस. संगणक सुरू व्हायलाच दहा मिनिटे लागतात ही एक, आणि गेल्या आठवड्यात पडद्यावर भोंगा वाजवत ‘संगणकात व्हायरस आहे, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा’ असा मजकूर झळकला ही दुसरी. पहिल्या दुखण्यातूनच दुसरे ओढवले अशी तुझी समजूत दिसते. माझ्या मते या दोहोंचा काडीचाही संबंध नाही. खरोखर बिघडलेला संगणक मुकाट्याने बिघडतो. तो रेंगाळतो, मध्येच बंद पडतो, फार तर निळा पडदा दाखवतो, पण अमुक क्रमांकावर फोन करा असे मालकाला सांगत नाही.

आधी त्या ओरडण्याचेच घेतो, कारण ते जास्त निकडीचे आहे. तू पाहिलेस ते इंटरनेटवरचे एक साधे पान होते. ते पडदाभर पसरते, माऊस अडकल्यासारखा वाटतो, आणि पाहणाऱ्याची खात्री पटते की संगणकच कोणीतरी ताब्यात घेतला आहे. अशा वेळी एस्केपचे बटण काही क्षण दाबून धरावे आणि पान आकसले की ब्राउझर बंद करावा. तेवढ्याने भागले नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकदम दाबावीत. टास्क मॅनेजर उघडतो, त्यातल्या यादीत ब्राउझरचे नाव निवडून ‘एंड टास्क’वर टिचकी मारावी. ब्राउझर पुन्हा उघडताना तो मागची पाने परत आणू का असे विचारतो, तिथे नाही म्हणायला विसरू नकोस, नाहीतर तोच भोंगा पुन्हा सुरू होईल. मायक्रोसॉफ्टने स्वतःच सांगितले आहे की त्यांच्या खऱ्या इशाऱ्यांत फोन क्रमांक कधीही नसतो.

कोपऱ्यात अजूनही मधूनमधून उगवणाऱ्या ‘धोका’ या सूचनांचे मूळ निराळे आहे. कुठल्या तरी संकेतस्थळाने ‘सूचना पाठवू का’ असे विचारले असेल आणि पान लवकर दिसावे म्हणून तू ‘अलाउ’ दाबले असशील. तो व्हायरस नव्हे, आपणच दिलेला परवाना आहे. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज आणि त्यात नोटिफिकेशन्स या ठिकाणी परवानगी दिलेल्या संकेतस्थळांची यादी असते. तिथली अनोळखी नावे काढून टाकलीस की ती पीडा जाईल.

आता तू पत्राच्या शेवटी, जवळजवळ शरमेने, लिहिलेल्या गोष्टीकडे येतो. तू त्या क्रमांकावर फोन केलास, त्यांनी सांगितलेले ॲप उतरवून घेतलेस आणि दहा मिनिटे एक अनोळखी माणूस तुझ्या पडद्यावर माऊस फिरवत राहिला. त्याने बँकेचे पान उघडायला सांगितले तेव्हा वहिनींनी इंटरनेटच्या राउटरचा स्विच बंद केला. वहिनींचे त्रिवार अभिनंदन. त्या घटकेला याहून योग्य उपाय कोणालाही सुचला नसता. तुला लाजण्याचे काही कारण नाही. मागच्या वर्षी आमचा फ्रीज बिघडला तेव्हा मी स्वतः गूगलवर कंपनीचा ग्राहकसेवा क्रमांक शोधून फोन केला होता. पलीकडचा माणूस अतिशय अदबीने बोलत होता, आणि दहा रुपये नोंदणी शुल्क भरण्यासाठी त्याने मला एक फाइल पाठवली. ती एपीके फाइल आहे, म्हणजे मोबाइलमध्ये परस्पर घुसवायचे ॲप आहे, हे माझ्या लक्षात येईपर्यंत माझे बोट तिच्यावर टेकलेच होते. तीस वर्षे या यंत्रांशी झटापट केलेल्या माणसाची ही कथा. तेव्हापासून कंपनीचा क्रमांक मी बिलावर किंवा वॉरंटी कार्डावरच पाहतो.

मात्र तो माणूस गेला म्हणून विषय संपला असे समजू नकोस. संगणकाचे इंटरनेट तूर्त बंदच ठेव आणि ते ॲप काढून टाक. ईमेलचा पासवर्ड मोबाइलवरून बदल, या संगणकावरून नव्हे. आणि तो सर्वांत आधी बदल, कारण बाकीच्या बहुतेक खात्यांचे विसरलेले पासवर्ड त्याच पत्त्यावर येतात. तिथेच दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे पासवर्डखेरीज आणखी एक खूण मागण्याची सोय, सुरू कर, आणि ईमेलच्या सेटिंग्जमध्ये तुझी पत्रे परस्पर दुसरीकडे धाडण्याची सोय कोणी करून ठेवली नाही ना, हेही पाहा. मग विंडोजमधल्याच डिफेंडर या अँटिव्हायरसचे ‘ऑफलाइन स्कॅन’ चालव. त्यासाठी संगणक स्वतः बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज उभे राहण्यापूर्वीच तपासणी करतो, त्यामुळे लपून बसलेल्या प्रोग्रामलाही निसटता येत नाही. त्यानंतर बँकेच्या शाखेत स्वतः जाऊन घडलेले सांगून ये.

पैसे गेले नाहीत हे सुदैव. गेलेच असते तर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर आणि लगोलग दुसरा बँकेला करायचा असतो, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असतानाच ते गोठवता येतात. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत थांबणे म्हणजे ते सोडून देण्यासारखेच असते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकातही सगळा भर कळवण्याच्या वेळेवर आहे. ग्राहकाची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच कुणामुळे पैसे गेले आणि ३ कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर भार नाही. आपणच ओटीपी सांगितला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान आपले आणि त्यापुढचे बँकेचे. बँकांची संकेतस्थळे आता ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटाची असतात, तेवढा शेवट पाहण्याची सवय लाव. आणि पैसे येण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही घालावा लागत नाही, हे घरात सगळ्यांना पुन्हा एकदा सांग. पिन लागतो तो पैसे देताना किंवा खात्यातली शिल्लक पाहताना, पैसे घेताना नव्हे.

आता रेंगाळण्याकडे वळू. टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’ या भागात डिस्कचा आकडा पाहा. तू काहीही करत नसताना तो १०० टक्क्यांना चिकटून बसत असेल आणि प्रोसेसर मात्र निवांत असेल, तर दोष जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा आहे. तिच्यात तबकड्या फिरतात आणि वाचणारी सुई इकडून तिकडे धावते. आजच्या विंडोजला एकाच वेळी पन्नास ठिकाणचे हवे असते आणि सुई एकच. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली डिस्क, बसवली की तोच संगणक मिनिटाच्या आत उभा राहील. जुन्या यंत्रावर करण्यासारखा याहून मोलाचा खर्च मला माहीत नाही. तोवर ‘स्टार्टअप’ या भागातले अनावश्यक प्रोग्राम बंद कर. आणखी एक बारीकशी गोष्ट म्हणजे, ‘शट डाउन’ केल्याने विंडोज बहुधा पुरते बंद होत नाही. पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावे म्हणून ते स्वतःचा काही भाग डिस्कवर तसाच जपून ठेवते. म्हणून काही अडकले तर ‘रीस्टार्ट’च करावे. आणि काहीही कर, पण एका वेळी एकच बदल कर; तीन गोष्टी एकदम बदलल्या की गुण कशाने आला ते कळत नाही.

पावसाळ्यात पडदा काळा राहतो आणि आतून नुसते बीप बीप ऐकू येते, असेही तू लिहिले आहेस. कोकणातली दमट हवा पाहता मला रॅमच्या, म्हणजे चालू कामापुरती माहिती धरून ठेवणाऱ्या भागाच्या, पट्टीचा संशय आहे. वायर काढून ठेव, सुरू करायचे बटण पाचेक सेकंद दाबून आत उरलेली वीज जाऊ दे, आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच आत हात घाल. दोन्ही टोकांच्या खिट्ट्या बाहेर ढकलल्या की वीतभरापेक्षा लहान अशी हिरवी पट्टी वर उचलली जाते. तिच्या खालच्या कडेला सोनेरी दातांची रांग असते, आणि तुझ्याकडे ते दात तपकिरी झालेले दिसतील. शाळेतला पांढरा खोडरबर घेऊन ते एकाच दिशेने हलकेच घास, चुरा रंगाच्या कोरड्या ब्रशने झटक, आणि पट्टी खाचेत सरळ दाबून ‘टक्’ असा आवाज होईपर्यंत बसव. सांगलीतल्या दुरुस्तीच्या दुकानांत या कामाचे पैसे घेतले जातात, आणि मीही पूर्वी घेत असे.

वीज गेल्यावर तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि बँकेचे पान ‘जोडणी सुरक्षित नाही’ असे म्हणते, त्यात मात्र कुणाचाही डाव नाही. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला मुदत असते, आणि घड्याळच मागे गेले की ती मुदत अजून सुरूच झाली नाही असा संगणकाचा समज होतो. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखी दिसणारी ‘सीआर २०३२’ नावाची ३ व्होल्टची बॅटरी असते, ती बदल.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. पुराच्या नंतर तू घेतलेला हा जुना संगणक विंडोज ११ च्या अटींत बसणार नाही, असे त्याच्या वर्णनावरून वाटते. घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत नाव नोंदवून मिळतात. ती सोय आधी घे, पुढे लिनक्स मिंट ही विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली बसवून पाहू. दुकानदार ‘अँटिव्हायरस बंद करा, मी ॲक्टिव्हेटर चालवतो’ म्हणाला तर त्याला हात लावू देऊ नकोस; ॲक्टिव्हेटर म्हणजे विंडोजची चोरटी प्रत खरी भासवणारा प्रोग्राम. अपडेटचे मोल सांगायचे तर, मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचे फायली कुलूपबंद करणारे सॉफ्टवेअर जगभर पसरले तेव्हा त्यावरचा अपडेट मार्चमध्येच निघालेला होता. ज्यांनी तो घेतला नव्हता त्यांच्याच फायली कुलूपबंद झाल्या.

फोटोंच्या प्रतींबद्दल तुला मी काय सांगणार? जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचे पाणी घरात शिरले तेव्हा संगणक आणि त्याची प्रत ठेवलेली डिस्क एकाच कपाटात होती. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेने आमच्या गल्लीला तोच हिसका दाखवला होता, तरीही मी तुला वेळेवर बजावले नाही, याचे मला अजून वाईट वाटते. या वेळी दोन डिस्क कर. एक काम झाले की संगणकापासून सोडवून माळ्यावर ठेव, म्हणजे फायली कुलूपबंद करणाऱ्या व्हायरसचा हात तिच्यापर्यंत पोचणार नाही. दुसरी माझ्याकडे दे.

पुढच्या महिन्यात मी कराडहून कुंभार्ली घाटाने एसटीने येतो आहे. एसएसडी इथूनच घेऊन येईन. कॅबिनेटची बाजू उघडून आतल्या हार्ड डिस्कच्या वायरीचा आणि रॅमवरच्या कागदी चिठ्ठीचा फोटो वहिनींच्या मोबाइलवरून पाठव, म्हणजे चुकीचा सुटा भाग आणायला नको. खोडरबर तुझ्या नातवाच्या दप्तरात असेलच.

तुझा,
शाळेच्या शेवटच्या बाकावरचा सोबती