अक्षर लागले

पुणे,
१२ जानेवारी २०२५

प्रिय शरद,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

आमच्या घरच्या विहिरीच्या जुन्या मोडी कागदातील तो अडलेला शब्द अखेर लागला. ही बातमी फोनवर दोन वाक्यांत सांगता आली असती; पण तो कसा लागला हे तुला सविस्तर कळवल्यावाचून मला चैन पडणार नाही, आणि म्हणून ज्या साधनाने तो लागला त्याच साधनावर, त्याच्याच पेनाने हे पत्र लिहीत आहे. दिवाळीत मुलीने मला टॅबलेट दिला हे तुला ठाऊक आहेच. त्या वेळी तू विचारले होतेस की मोबाइल आणि संगणक दोन्ही घरात असताना ही तिसरी वस्तू कशाला. दोन महिने रोज वापरल्यावर आता त्याचे उत्तर देता येईल असे वाटते.

माझ्याकडे आहे तो सॅमसंगचा गॅलक्सी टॅब एस ६ लाइट. पडदा १०.४ इंचांचा, म्हणजे आपल्या शाळेतल्या पाटीपेक्षा थोडा लहान, आणि वजन अर्ध्या किलोच्या आतले. संगणकावर कागद पाहताना तो कागद समोर उभा असतो आणि आपण त्याच्यापुढे बसलेले असतो. टॅबलेटवर मात्र तो मांडीवर येतो, जवळ घेता येतो, आडवा-तिरपा धरता येतो. जुने लिखाण वाचणाऱ्याला ही जवळीक किती मोलाची आहे हे तुझ्याइतके कोणाला कळणार? तासभर झाल्यावर मनगट भरून येते हे खरे, पण मग मी तो उशीवर टेकवून ठेवतो.

आता त्या कागदाकडे येतो. पाण्याच्या पाळीचा तो तंटा, दोन भावांच्या सह्या, आणि शेवटी अरबी संख्याशब्दांत लिहिलेले साल: ‘सन अर्बा’, म्हणजे चार, त्यापुढे तो घडीवर आलेला, शाईने फुटलेला शब्द, आणि मग ‘मया व अलफ’, म्हणजे शंभर व हजार. तुझ्या नागपूरच्या घरी आपण दोघे बहिर्गोल भिंग घेऊन रात्री अकरापर्यंत त्यावर बसलो होतो. तो ‘सितैन’, म्हणजे साठ, असेल तर शुहूर या जुन्या कालगणनेचे सन ११६४, म्हणजे इसवी सन १७६३-६४. आणि ‘सबैन’, म्हणजे सत्तर, असेल तर ११७४, म्हणजे १७७३-७४. पहिला असेल तर ज्या वर्षी थोरले माधवराव राक्षसभुवनला निजामाशी लढत होते, त्याच वर्षी आमचे पूर्वज विहिरीच्या पाण्यावरून भांडत होते. दुसरा असेल तर ते वर्ष नारायणरावांच्या खुनाचे. दहा वर्षांचा हा फरक एका अक्षरावर अडला होता, आणि त्या अक्षरावर शाईचा डाग होता.

भिंगाखाली अक्षर मोठे होते, पण त्याबरोबर डागही मोठा होतो आणि कडा धूसर होतात. परवा सकाळी खिडकीच्या तिरप्या उजेडात मी त्या कागदाचे नव्याने छायाचित्र काढले, टॅबलेटवर उघडले, आणि दोन बोटे पडद्यावर टेकवून हळूहळू फाकवत गेलो. एकच शब्द सबंध पडदाभर झाला. मग रंग काढून टाकून केवळ काळे-पांढरे ठेवले आणि गडदपणा कमी-जास्त करत राहिलो. डागाची शाई पातळ होती, अक्षराची दाट. गडदपणा एका ठरावीक ठिकाणी आणला तेव्हा डाग फिका पडला आणि अक्षराचा सांगाडा तेवढा उरला. तरीही मधले अक्षर संशयास्पदच होते. पण आरंभीच्या ‘स’पुढून शिरोरेषेच्या वर चढलेला एक केसाएवढा फेर घडीच्या कडेला मला दिसला. ती वेलांटी होती. ‘सबैन’मध्ये वेलांटी येणार कुठून? मी बसल्या जागी तीन वेळा मोठ्याने ‘सितैन, सितैन’ म्हटले, आणि स्वयंपाकघरातून हिने काय झाले म्हणून विचारले.

तेवढ्यावर मी थांबलो नाही, कारण तूच शिकवले आहेस की मोडी डोळ्याने वाचू नये, हाताने वाचावी. लेखणी कशी फिरली असेल ते कळले की अक्षर कळते. छायाचित्रावर मी एक पारदर्शक थर घेतला, मूळ प्रतिमा फिकट केली आणि पेनाने त्या शब्दावरून गिरवले. हात न उचलता ‘सितैन’ गिरवला तर पेन शाईच्या मागोमाग आपोआप जाते. ‘सबैन’ गिरवायला गेलो तर दुसऱ्याच अक्षराशी ते मूळ रेघेच्या बाहेर पडते. मूळ कागदाला बोटही न लावता हे दहा वेळा करता आले. अडीचशे वर्षांपूर्वीच्या त्या लेखकाचा हात आपल्या हाताखालून जातो आहे असे त्या क्षणी वाटले, आणि खरे सांगतो, माझे डोळे भरून आले.

या पेनाविषयी तुला विशेष कुतूहल वाटेल. त्यात बॅटरी नाही, ते कधीही चार्ज करावे लागत नाही. पडद्याखाली तारांचे जाळे असते आणि त्यातून निर्माण होणाऱ्या चुंबकीय क्षेत्रातूनच पेनाला लागणारी ऊर्जा मिळते. दाब दिला की रेघ जाड होते, हलके धरले की बारीक. तळहात पडद्यावर टेकवला तरी चालतो, कारण पेन जवळ असेपर्यंत यंत्र हाताचा स्पर्श धरत नाही. कागदावर चालणाऱ्या बोरूची ती कुरकुर मात्र यात नाही, काच गुळगुळीत लागते, आणि ही एक उणीव मला रोज जाणवते. पण सकाळी अर्धा तास मी आधी पानभर शिरोरेषा ओढतो, मग तिला अक्षरे टांगत जातो, आणि चुकलेली ओळ पुसून पुन्हा लिहितो. आपल्या वर्गात कागदाचे किती ताव मी वाया घालवले होते, आठवते ना?

वाचनाचेही सुख वाढले आहे. पडद्याचे दोन भाग करून डावीकडे कागद आणि उजवीकडे आपली फार्सी शब्दांची वही उघडून ठेवता येते, त्यामुळे ‘कतबा’ किंवा ‘तहनामा’ अडला की मान न वळवता अर्थ सापडतो. मराठी विश्वकोशातील नोंदीही तिथेच उघडतात. रात्री दिवा मालवून, काळ्या पार्श्वभूमीवर फिकट अक्षरे ठेवून वाचतो. हिची झोप मोडत नाही आणि माझ्या ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर ताणही येत नाही.

आता तुझ्याकडून एक काम हवे आहे. तुझ्या मामांच्या रुमालातील, म्हणजे जुन्या कागदांच्या गाठोड्यातील, तो वाळवीने खाल्लेला कागद, ज्याचा खालचा अर्धा भाग आपण सोडून दिला होता, त्याची छायाचित्रे सकाळच्या तिरप्या उन्हात काढून पाठव. समोरून उजेड नको, कागदावर चकाकी येते. प्रत्येक ओळीचे स्वतंत्र चित्र असावे आणि कडेला मोजपट्टी ठेवावी. मी येथे गिरवून तुला प्रत पाठवीन, आणि जेथे माझे वाचन तुला पटणार नाही तेथे तू लाल शाईने दुरुस्त कर, जसे पूर्वी करत होतास.

वहिनींना सादर नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुझा,
विनायक

ता. क. सोबत ‘सितैन’चे चित्र जोडले आहे. वेलांटी ‘स’च्या उजव्या कोपऱ्याकडे, घडीच्या रेषेला लागूनच आहे.