बेत आधी, बाजार नंतर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महागाईच्या बातम्या आल्या की घरखर्च कमी करण्याचे सल्लेही पाठोपाठ येतात, आणि त्यांतले बहुतेक सल्ले भाजी आणि दूध यांच्यापासूनच सुरू होतात. भाजीवाल्याशी घासाघीस करा, अर्धा लिटर दूध कमी घ्या, फळे रोज कशाला हवीत, असा त्यांचा सूर असतो. वाणसामानाचा खर्च आटोक्यात ठेवायला हवा, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. पण कात्री चुकीच्या जागी लावली जात आहे आणि तिची झळ घरातल्या मुलांच्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या ताटाला बसत आहे, असे मला मनापासून वाटते. म्हणून हे पत्र.

केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार शहरी भागात दरडोई दरमहा सरासरी खर्च ६,९९६ रुपये, तर ग्रामीण भागात ४,१२२ रुपये होता. त्यात खाण्यापिण्याचा वाटा शहरांत सुमारे ४० टक्के आणि खेड्यांत सुमारे ४७ टक्के होता. या आकड्यांच्या पोटात शिरल्यावर जे दिसते ते अधिक महत्त्वाचे आहे. शहरी माणसाच्या एकूण खर्चातला ११ टक्क्यांहून थोडा अधिक भाग पेये, बाहेरचे खाणे आणि पाकीटबंद तयार पदार्थ या एका गटावर जातो. दूध आणि दुधाच्या पदार्थांवर साधारण ७ टक्के आणि भाज्यांवर जेमतेम ४ टक्के जातात. खेड्यांतही अन्नखर्चात हाच गट सर्वांत वर आहे. चौघांच्या सरासरी शहरी कुटुंबाचा हिशेब मांडला, तर महिन्याला तीन हजारांहून अधिक रुपये बिस्किटे, फरसाण, शीतपेये, चहा-वडापाव, मागवलेली बिर्याणी अशा गोष्टींवर, आणि बाराशेच्या आत रुपये भाजीवर खर्च होतात. असे असताना मेथीच्या जुडीमागे पाच रुपये वाचवल्याचे समाधान मानायचे आणि संध्याकाळच्या भुकेला पाकीट फोडायचे, यात कसली काटकसर?

हा खर्च नजरेत येत नाही, याचे कारण तो किराण्याच्या यादीत कधी नसतोच. पूर्वी वाण्याकडे महिन्याची यादी जायची, सामान घरी यायचे आणि वहीत एकच रक्कम लिहिली जायची. आता वीस-तीस-साठ रुपये मोबाइलवरून दिवसभर सुटत राहतात, घरातले प्रत्येक माणूस आपापल्या खात्यातून देते, आणि महिनाअखेरीला ‘भाजी किती महागली’ एवढेच बोलले जाते. म्हणून पहिले काम वहीचे आहे, मग ती कागदाची असो वा मोबाइलमधली. महिनाभर घरातल्या सगळ्यांनी खाण्यावरचा प्रत्येक रुपया तिच्यात लिहावा. धान्य-डाळी-तेल-मसाले एका रकान्यात, दूध-अंडी-मासळी दुसऱ्यात, भाजी-फळे तिसऱ्यात आणि बाकी सगळे चौथ्यात. हा चौथा रकाना कुटुंबाने एकत्र बसून वाचला की कात्री कुठे लावायची हे कोणी सांगावे लागत नाही. पहिल्या तीन रकान्यांसाठी पुढच्या महिन्याची रक्कम आधी बाजूला काढावी आणि उरेल त्यातून चौथा भागवावा. आज अनेक घरांत याच्या नेमके उलट चालते.

दुसरे काम बेताचे. लग्नकार्याला बेत ठरल्याशिवाय आपण सामान भरत नाही. रोजच्या जेवणाला मात्र ‘काय मिळेल ते बघू’ म्हणून पिशवी घेऊन निघतो. खरे तर क्रम साधा आहे. आधी डबे आणि फ्रीज पाहायचा, घरात असलेल्या वस्तूंतून काय होईल ते ठरवायचे, मग आठवड्याचा बेत लिहायचा, त्यातून यादी करायची आणि तेवढेच आणायचे. बेत म्हणजे खानावळीतला फळा नव्हे. मंगळवारची उसळ गुरुवारी झाली म्हणून काही बिघडत नाही. पण कोणत्या भाजीने आधी चुलीवर जायचे हे ठरलेलेच हवे. रविवारी बाजार केला, तर मेथी, पालक, चवळई, कोथिंबीर पहिल्या दोन दिवसांत संपली पाहिजे. भेंडी, गवार, वांगी मध्ये. कोबी, दुधी, लाल भोपळा, सुरण शेवटी. मेथीची जुडी त्याच संध्याकाळी निवडून, कोरड्या कापडात गुंडाळून ठेवली तर टिकते. तशीच पिशवीत राहिली तर तिसऱ्या दिवशी पिवळी पडते आणि घासाघीस करून वाचवलेल्या पाच रुपयांसकट कचऱ्यात जाते. टाकून दिलेली भाजी ही घरातली सर्वांत महाग भाजी असते, कारण तिच्या जागी पुन्हा काहीतरी विकत आणावे लागते, आणि ते बहुधा तयार असते.

आठवड्यातले दोन-तीन दिवस भाजीवर मुळीच अवलंबून न राहण्याची सोय आपल्या स्वयंपाकात पूर्वीपासून आहे. मटकी, मूग, चवळी, कुळीथ, वाल, मसूर. पिठले, झुणका, कढी, डाळीचे सांडगे, वड्याची आमटी. पावसाळ्यात भाज्या कडाडतात हे दरवर्षीचेच आहे. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये टोमॅटोने किलोमागे शंभरी ओलांडली, आणि पावसाळ्यानंतरही, २०१९ च्या डिसेंबरात, कांद्याने ओलांडली होती. अशा वेळी टोमॅटोच्या जागी चिंच, आमसूल, आंबट ताक वापरणाऱ्या घराचे काही अडत नाही. पाव किलो मटकी भिजवून मोड आणली तर फुगून अर्ध्या किलोच्या वर भरते. निम्म्याची आज उसळ करावी. उरलेली झाकून फ्रीजमध्ये ठेवली तर परवा फोडणी घालून भातावर घेता येते किंवा थालीपिठाच्या भाजणीत मिसळता येते. रात्रीच्या पोळ्या उरल्या तर सकाळी फोडणीची पोळी, वरण उरले तर त्यातच कणीक भिजवून धपाटे, भात उरला तर फोडणीचा भात. हे सगळे आपल्याला माहीत आहे. प्रश्न आठवणीचा आहे, आणि बेत लिहिलेला असला की ती आठवण राहते. कारण सकाळचा डबा कशाचा, हा प्रश्न आदल्या रात्रीच सुटलेला असतो आणि मुलांच्या हातात कँटीनसाठी नोट द्यावी लागत नाही.

डाळींच्या आणि धान्याच्या बाबतीत हंगाम पाहिला तर बराच फरक पडतो. नवी तूर डिसेंबर-जानेवारीपासून बाजारात येऊ लागते, हरभरा आणि गहू फेब्रुवारी-मार्चपासून, साठवणीचा उन्हाळी कांदा मार्च ते मे. ज्यांच्या घरात जागा आहे आणि हाताशी रक्कम आहे, त्यांनी गहू, डाळी, मिरची, चिंच त्या त्या काळात भरावी. मात्र दोन खोल्यांच्या घरात वर्षाची बेगमी करून पावसाळ्यात ती पोरकिड्यांच्या हवाली करण्यापेक्षा तीन महिन्यांपुरते भरणे शहाणपणाचे.

आता दुकानातल्या एका गोष्टीकडे लक्ष वेधतो, कारण येथे ग्राहकाने कितीही बेत आखला तरी फसगत होऊ शकते. एक लिटर खाद्यतेल वजनाला साधारण ९१० ग्रॅम भरते. वर्षानुवर्षे आपण एक लिटरची पिशवी घेत आलो, त्यामुळे हात सवयीने तेवढ्याच आकाराच्या पिशवीकडे जातो. पाकीटबंद वस्तूंच्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती होऊन ठरावीक वजनांचे बंधन उठले आणि त्यानंतर ८५०, ८००, ७५० ग्रॅम अशा वजनांच्या, दिसायला जवळपास सारख्याच पिशव्या फळीवर आल्या. समजा एक पिशवी ८५० ग्रॅमची आणि १४५ रुपयांची, शेजारची ९१० ग्रॅमची आणि १५२ रुपयांची. घाईत असलेला माणूस सात रुपये वाचवले असे समजून पहिली उचलेल. प्रत्यक्षात पहिलीचा भाव किलोला सुमारे १७०.६० रुपये पडतो आणि दुसरीचा १६७. तेलाबाबत सांगितले तेच चहा, बिस्किटे, डिटर्जंट यांनाही लागू आहे. ‘मोठे पाकीट स्वस्त’ हा समजही दर वेळी खरा ठरत नाही.

त्याच दुरुस्तीने पाकिटावर कमाल किमतीबरोबर प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर दर छापणेही बंधनकारक केले आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण तो इतक्या बारीक अक्षरांत असतो की चष्मा लावूनही सापडत नाही. परदेशांतील अनेक दुकानांत फळीवरच्या पट्टीवर वस्तूच्या किमतीशेजारी किलोचा दरही लिहिलेला असतो. आपल्याकडच्या मोठ्या दुकानांना आणि घरपोच सामान देणाऱ्या ॲपना हे अवघड नाही. राज्याच्या वैधमापन (वजने-मापे तपासणाऱ्या) यंत्रणेने यासाठी आग्रह धरावा, असे मला वाटते.

तेलाचाच आणखी एक हिशेब सांगण्याजोगा आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार माणशी वर्षाला सुमारे १२ किलो तेल पुरेसे आहे. देशाची सरासरी १९ किलोच्या पुढे गेली आहे आणि आपल्या गरजेतले निम्म्याहून अधिक तेल आयात होते. चौघांच्या घराला शिफारशीप्रमाणे महिन्याला चार किलो तेल येते. यादीत चारच किलो लिहायचे आणि महिनाअखेरपर्यंत पुरवायचे, एवढे एक बंधन पाळले तरी पैसा आणि प्रकृती दोन्ही सांभाळल्या जातात.

दहा मिनिटांत घरपोच सामान देणाऱ्या सेवांविषयी माझे मत कठोर आहे. आजारपणात, एकट्या राहणाऱ्या वृद्धांना त्या उपयोगी पडतात, हे मान्य. परंतु रोजचे घर त्यांच्यावर चालू लागले की बेत करण्याची गरजच वाटेनाशी होते. कोथिंबीर आणि दूध मागवायला जावे, तर रक्कम कमी म्हणून वेगळा आकार लागतो. तो चुकवण्यासाठी शंभर-दीडशेचे नको असलेले सामान टोपलीत टाकले जाते आणि ते हमखास वर सांगितलेल्या चौथ्या रकान्यातले असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटे, फरसाण, लोणी, तूप, चीज यांवरचा वस्तू व सेवा कर ५ टक्क्यांवर आला. त्या सवलतीचा पैसा घरात राहण्याऐवजी आणखी दोन पाकिटांत जाऊ नये, एवढी काळजी प्रत्येक घराने घ्यावी.

हे सगळे लिहिताना एक गोष्ट मला सतत टोचते. महिन्याचे सामान एकदम भरणे, हंगामात गहू घेणे, किलोचा दर पाहून मोठी पिशवी उचलणे, यासाठी हातात एकरकमी पैसे लागतात. रोजंदारीवर जगणारे कुटुंब संध्याकाळच्या मजुरीतून दहा रुपयांचे तेल, पाच रुपयांची चहाची पुडी घेते आणि एकूण भाव आपल्यापेक्षा जास्त देते. त्या घराला काटकसरीचे धडे देणे हा अन्याय आहे. रेशनवरचे माणशी पाच किलो मोफत धान्य त्यांना मोठा आधार असले, तरी डाळ, तेल, भाजी विकतच घ्यावी लागते. येथे एकत्र खरेदीचा मार्ग खुला आहे. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून तो चालवीत आली आहे: शेजारच्या कुटुंबांचा संघ होतो, महिन्याची मागणी आधी नोंदवली जाते, घाऊक खरेदी होते आणि सभासदच सामानाचे वाटप करतात. मागणी आगाऊ लिहावी लागत असल्यामुळे घरोघर आपोआप बेत होतो, आणि समोर मोहात पाडणारी फळी नसते. गावोगावच्या महिला बचत गटांकडे हिशेबाची शिस्त आहे, एकमेकींवरचा विश्वास आहे. गटाच्या अंतर्गत कर्जातून महिन्याच्या डाळ-तेलाची घाऊक खरेदी करून ते सभासदांना हप्त्याने देणे त्यांना जमण्यासारखे आहे. जिल्हा प्रशासनाने आणि सहकारी भांडारांनी त्यांना घाऊक दरात माल मिळवून द्यावा.

आणि घरातल्या कामाची वाटणीही येथे बोललीच पाहिजे. काय संपले, काय उरले, उद्या डब्याला काय, हा विचार बहुतेक घरांत एकटी बाई वाहते. नोकरी करूनही वाहते. बचतीची जबाबदारी तिच्या एकटीच्या डोक्यावर आणखी एक ओझे म्हणून टाकली, तर ती महिन्याभरात बारगळेल आणि ते योग्यच होईल. रविवारी पंधरा मिनिटे सगळ्यांनी बसावे, मुलांनी डबे पाहून यादी लिहावी, पुरुषांनी भाजी आणावी आणि निवडावीही.

आपल्या दैनिकाकडून एक अपेक्षा आहे. केंद्राचा ग्राहक व्यवहार विभाग ३८ जीवनावश्यक वस्तूंचे किरकोळ भाव रोज नोंदवतो; बाजार समित्यांचे घाऊक भावही उपलब्ध असतात. आपण दर शनिवारी दहा भाज्या, पाच डाळी आणि दोन-तीन तेले यांचे घाऊक व किरकोळ भाव, गेल्या आठवड्याच्या भावांशेजारी, एका लहान चौकटीत छापावेत. कोणती भाजी या आठवड्यात उतरली आहे आणि कोणती चढली आहे, हे कळले तर वाचकांना रविवारचा बेत त्याप्रमाणे आखता येईल. चौकटीची अक्षरे मात्र ज्येष्ठांना वाचता येतील एवढी असावीत.

आपला,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)