चित्र छापलंत, रेघा राहिल्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पानावर 'दुर्बिणीने टिपले क्वासारचे वादळ' या मथळ्याखाली निळ्या-केशरी भोवऱ्यांचे पाव पान चित्र आले. क्वासार म्हणजे दूरच्या दीर्घिकेच्या मध्याशी वायू गिळत झगझगणारे प्रचंड कृष्णविवर, आणि वादळ म्हणजे त्याच्याजवळून बाहेर फेकल्या जाणाऱ्या वायूचा वारा. नातवाने विचारले, "आबाजी, हा फोटो आहे काय?" नाही. ते चित्रकाराचे काम आहे, आणि खाली तसे लिहायला हवे होते.

सप्टेंबर २०२३ मध्ये जपानने सोडलेल्या 'क्रिझम' उपग्रहावर ज्या उपकरणाने हे वारे मोजले, त्याच्या संवेदकात ६ गुणिले ६, म्हणजे ३६ चौकटी. एवढ्यात कसला फोटो येणार? शून्य केल्विनच्या (उणे २७३ अंश सेल्सिअसच्या) अगदी जवळ थंड ठेवलेल्या चौकटीवर क्ष-किरणाचा एक कण पडला की ती किंचित तापते. किती तापली त्यावरून कणाची ऊर्जा कळते. असे कण मोजत वर्णपट तयार होतो.

वारा त्यात दिसतो तो उणिवेतून. कृष्णविवराजवळून निघालेले क्ष-किरण आपल्याकडे येताना वाटेतल्या वायूतले लोखंड ठरावीक ऊर्जेचे कण गिळते. जवळजवळ सगळे इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची ही खूण, म्हणजे वर्णपटातली रेघ, ६.७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट (हे ऊर्जेचे एकक) इतक्या ऊर्जेला असते. पीडीएस ४५६ या क्वासारमध्ये, विश्वप्रसरणाचा हिशेब वजा केल्यावरही, ती आठ-नऊच्या दरम्यान सरकलेली सापडते. फाट्यावर उभे असताना अंगावर येणाऱ्या ट्रकचा भोंगा चढा ऐकू येतो, त्यातलाच प्रकार. सरकणे मोजले की वेग निघतो: प्रकाशाच्या २० ते ३० टक्के. सेकंदाला साठ ते नव्वद हजार किलोमीटर!

बातमीतला खरा दाणा तर चौकटीबाहेरच राहिला. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या या निरीक्षणात एकाऐवजी वेगवेगळ्या वेगांच्या पाच खुणा मिळाल्या. म्हणजे वारा सलग नाही, ढेकळाढेकळांनी सुटतो. आपण मात्र 'अखंड झंझावात' लिहिले. मळणीयंत्र येण्याआधी आम्ही खळ्यावर ज्वारी उपणायचो. टोपले डोक्यावर धरून झुळकेची वाट पाहायची. ती यायची, मध्येच पडायची, आणि भुसा पायाशीच. वारा डोळ्यांना कुणालाच दिसत नव्हता, काय उडाले त्यावरून जोखायचा.

पुढच्या वेळी चित्र लहान करा, पण वर्णपटाचा तो वेडावाकडा आलेख छापा. आमच्या शाळेत तो फळ्यावर काढून दाखवता येईल. चित्र काही काढता येत नाही.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ