एकादशीने जीन दुरुस्त होत नाही

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

उपवासाने जीन दुरुस्त होतात असं तुमच्या रविवारच्या पुरवणीत आलं होतं, ते कात्रण माझ्या बहिणीच्या सासूबाईंनी देवघराशेजारी चिकटवलं आणि एकादशीला सात वर्षांच्या नातीला नुसत्या पाण्यावर ठेवलं, भगरसुद्धा नाही. पोरीला गोशे आजार आहे, म्हणजे पेशीतली एक प्रकारची चरबी जिरवणारं एन्झाइम जन्मतःच नीट नसतं. प्लीहा वाढून पोट ढोलकीसारखं झालंय, आधी मलेरिया म्हणून गोळ्या झाल्या, मग सिकलसेलची टेस्ट (आपल्याकडे सातपुड्याच्या पट्ट्यात संशय आधी तिकडेच जातो), शेवटी मुंबईला ते एन्झाइम तपासलं तेव्हा कळलं.

तुमचं अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त घोळ झाला. लायसोसोम म्हणजे पेशीतली कचरा जिरवायची पिशवी, हे एन्झाइम तिथंच काम करतं. आपण उपाशी राहिलो की एमटॉर नावाचं प्रोटीन गप्प बसतं, मग टीएफईबी नावाचं दुसरं प्रोटीन केंद्रकात शिरतं आणि लायसोसोमच्या बऱ्याच जीनजवळ डीएनएच्या दहा अक्षरांची एक खूण असते तिथं चिकटून त्यांचं काम वाढवतं. यातली टीएफईबी आणि त्या खुणेची गोष्ट २००९ साली इटलीतल्या संशोधकांनी दाखवली. पण हा झाला स्विच! जीनची अक्षरं त्याने बदलत नाहीत ना. आमच्या पोरीच्या हे एन्झाइम बनवणाऱ्या जीबीए-वन जीनमध्ये चूक आहे, त्यामुळे एन्झाइमच्या साखळीत ४४४व्या जागी ल्युसिन या अमिनो आम्लाऐवजी प्रोलीन हे दुसरंच आलंय; ही चूक जीनच्या दोन्ही कॉप्यांत आहे, एक आईकडून एक बापाकडून. कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादमाने डबल शिफ्ट लावली पण मशीनचे दातेच वाकलेले असले तर सरकी सुटेल का? एन्झाइमची घडीच चुकते आणि पेशी त्यातलं बरंचसं स्वतःच मोडीत काढते.

त्यात या जीनपासून १६ हजार अक्षरांवर त्याचा एक डुप्लिकेट बसलाय, ९६ टक्के सारखा, कामाचा काही नाही, आणि नेमकी हीच चूक त्यात आधीपासून आहे. लॅबने दोघं नीट वेगळे केले नाहीत तर रिपोर्ट गंडतो, आमचा पहिला गंडलाच, पोरीला परत सुई.

छापायचंच तर हे छापा की याला बाहेरून एन्झाइम सलाइनमधून देता येतं, बहुतेक दर १५ दिवसांनी, महाग आहे फार, पण केंद्राच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात ५० लाखांपर्यंत मदत आहे आणि मुंबईचं केईएम हॉस्पिटल त्या धोरणातल्या उपचार केंद्रांच्या यादीत आहे.

चूक त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या टायपात दुरुस्त करा, आणि पुढच्या एकादशीच्या आत करा. सासूबाई माझं ऐकत नाहीत, पेपरात छापलेलं ऐकतात.

आपली एक वाचक,
अमळनेर, जि. जळगाव