संमेलनापुरतं झाड नको, आठवड्याची तालीम हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांतून स्नेहसंमेलनाची धावपळ सुरू होते. वर्गातल्या स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलालाही मंचावर घ्यायचं, असं शिक्षक मनापासून ठरवतात. पण बहुतेक वेळा त्याच्या वाट्याला झाड नाहीतर मावळा येतो: एका जागी उभं राहायचं, कोणी हात धरून नेलं की आत जायचं. फोटो छान येतो, मुलाच्या हाती काही लागत नाही. त्याला उपयोग होतो तो तालमीचा, आणि तीही बरोबरीच्या मुलांसोबत केलेल्या तालमीचा.

अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या ब्लाइथ कॉर्बेट यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ८ ते १४ वर्षांची ३० स्वमग्न मुलं होती. त्यांतल्या काहींसाठी नाटकाची चार-चार तासांची १० सत्रं झाली, जोडीला आधी तयार केलेली समवयस्क मुलं. नाटक केलेल्या मुलांत चेहरे लक्षात ठेवणं आणि इतरांबरोबर खेळणं यांत सुधारणा दिसली. मुलांची संख्या लहान होती, हे खरं. तरी हा सांगाडा आपल्या जिल्हा परिषद शाळांतही उभा राहू शकतो.

चार तास नकोत. आठवड्यातून दोनदा ४५ मिनिटं, किमान १० आठवडे. शाळेत एकच स्वमग्न मूल असेल तर त्याच्यासोबत तीन सवंगडी पुरेत. सवंगड्यांना आधी दोन दिवस वेगळं शिकवावं: हात ओढायचा नाही, कानात वाक्य सांगायचं नाही, मूल अडलं तर मनात १० आकडे मोजायचे. शब्द बदलून पुन्हा विचारायचं नाही, कारण मग त्याला सगळं नव्यानं ऐकून समजून घ्यावं लागतं. ही तयारी टाळली की सवंगडी मुलाचं काम स्वतःच करून मोकळे होतात.

प्रसंग गावातलाच हवा. उदाहरणार्थ, एसटीचं तिकीट काढणं. सहा खुर्च्या दोन रांगांत, खडूनं काढलेलं दार, एक खांद्याची पिशवी. पहिल्यांदा स्वमग्न मुलाला कंडक्टर करावं. कंडक्टरची वाक्यं ठरलेली: ‘कुठं जायचं?’, ‘सुट्टे द्या’, ‘पुढं सरका’. ठरलेल्या वाक्यानं धीर येतो, आणि विचारून झालं की उत्तराची वाट बघावी लागते. शिकायचं आहे ते हेच. तीन-चार तालमींनी अदलाबदल करून त्याला प्रवासी करावं. मग एका वेळी एकच गोष्ट बिघडवावी: सुट्टे नाहीत, किंवा जागेवर दुसरंच कोणी बसलंय. हा बिघाड आधी चित्रातून दाखवावा. अचानक समोर आणला तर मूल कानांवर हात ठेवून खाली बसतं आणि पुढच्या तालमीला यायलाच तयार होत नाही.

घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीतलं वाक्य पाठ करायला लावू नये. ‘माले अमयनेरनं तिकीट द्या’ हेच वाक्य त्याला स्टँडवर कामी येणार आहे.

‘डोळ्यांत बघून बोल’ हा हट्ट कृपया सोडावा. पुष्कळ स्वमग्न मुलांना नजर भिडवणं जड जातं, आणि ते सांभाळताना ऐकणं राहून जातं. बोलणाऱ्याकडे खांदे वळले तरी पुरे. हात फडफडवणं, पुढंमागं झुलणं थांबवू नये. कंडक्टर झुलत बोलला तर प्रसंगाचं काय बिघडतं? समजून घेणं दोन्हीकडून व्हायला हवं, सवंगड्यांनाही ते शिकावंच लागतं.

खोली निवडताना कान उघडे ठेवावेत, कारण मोठा आवाज पुष्कळ स्वमग्न मुलांना सोसत नाही. पत्र्याची खोली पावसात ढोलासारखी वाजते; माइकची शिट्टी त्याहून वाईट. डिंकानं चिकटवलेली मिशी आणि टोचणारी जरीची किनार टाळावी.

नेहमी होणारी अडचण म्हणजे वर्गात नीट तिकीट मागणारं मूल खऱ्या गाडीत गप्प राहतं. म्हणून सहाव्या-सातव्या आठवड्यापासून एखादी तालीम दुपारच्या रिकाम्या गाडीत, पालकांसोबत, त्याच वाक्यांनी करावी.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा स्पष्ट समावेश आहे. त्याच्या १६व्या कलमानुसार शाळांनी खेळ आणि करमणुकीच्या संधी इतरांच्या बरोबरीनं द्यायच्या आहेत. मुख्याध्यापकांना विनंती आहे की या दोन तासिका जुलैच्या वेळापत्रकातच घालाव्यात. दिवाळीनंतर सुरुवात केली तर हाती जेमतेम पाच-सहा आठवडे उरतात आणि तालमीची घोकंपट्टी होते. शेवटी प्रयोग करायचाच असेल तर तो त्याच खोलीत, १५-२० ओळखीच्या माणसांसमोर, माइकशिवाय करावा. मुलाला त्या दिवशी नको वाटलं तर प्रवासी म्हणून नुसतं खुर्चीत बसायची मोकळीक त्याला असावी.

आपले,
विशेष शिक्षक व नाट्यशिक्षक,
अमळनेर (जि. जळगाव)