एका दिवसात नाही होत रे, दोन रात्री तरी काढ

प्रिय मंदार,

तुझा मेसेज वाचला. हायवे १०१ धरून अमेरिकेतल्या ओरेगॉनचा किनारा एका दिवसात होईल का असं विचारलंयस. होईल, साधारण ५८० किलोमीटर आहे, पहाटे निघून गाडी पळवलीस तर रात्रीपर्यंत खाली पोचशील. पण मग रस्ता बघितला म्हण, समुद्र बघितला म्हणू नकोस. मेसेजमध्ये हे सगळं मावलं नसतं म्हणून नीट बसून लिहितोय.

आम्ही डिसेंबरच्या शेवटी तिथल्या याहाट्स गावाजवळ एका बेड अँड ब्रेकफास्टमध्ये राहिलो. साधं लाकडी घर, खोल्या मोजक्याच, अंगण संपलं की काळा कातळ आणि कातळ संपला की थेट पॅसिफिक, मध्ये काही नाही. वाळूचा लांब बीच डोळ्यासमोर असेल तर तो इथे विसर. हा लाव्हाचा खडक आहे, साडेतीन कोटी वर्षांहून जुना, आणि लाटा त्याला एवढा काळ कोरत आल्यात की त्यात भेगा पडल्यात, भगदाडं पडलीत, गुहा झाल्यात आणि प्रत्येक ठिकाणी पाणी वेगळं वागतं. पाण्यात उतरायचं तर नावच काढू नकोस, उन्हाळ्यातसुद्धा ते बर्फासारखं गार लागतं कारण उत्तरेचा वारा वरचं पाणी बाहेर ढकलतो आणि तळाचं थंड पाणी वर येतं, त्यानेच सकाळी धुकंही धरतं. म्हणजे हा समुद्र पोहायचा नाहीच, बघायचा आहे, आणि बघायचा तर त्याच्या वेळेने बघावा लागतो, तुझ्या-माझ्या नाही.

हे मला नाश्त्याच्या टेबलावर कळलं. मालकीणबाई वयस्कर, फार गोड बाई, मॅरियनबेरीचा जॅम आणि गरम ब्रेड पुढे ठेवता ठेवता पहिलं काय सांगणार तर आज भरती किती वाजता आणि ओहोटी किती वाजता. सगळ्या पाहुण्यांचा दिवस त्यावर ठरायचा. तिथे दिवसाला साधारण दोन भरत्या दोन ओहोट्या, दोन्ही सारख्या उंचीच्या नाहीत आणि रोज वेळ जवळजवळ ५० मिनिटांनी पुढे सरकते. आता तूच विचार कर, थॉर्स वेल नावाचं खडकातलं भगदाड बघायचं तर भरतीच्या आसपास जायला हवं, समुद्रफुलं (सी ॲनिमोन) आणि तारामासे बघायचे तर चांगली ओहोटी हवी, आणि तू गाडीतून दुपारी दोनला पोचणार तेव्हा नेमकं अधलंमधलं पाणी असलं तर काय दिसणार? चार फोटो काढशील आणि पुढे निघशील. त्याच घरात झोपलेला माणूस मात्र दार उघडून हव्या त्या वेळी खाली जातो.

थॉर्स वेल म्हणजे खडकातलं गोल भगदाड, छत कोसळलेली गुहा असावी असं म्हणतात. भरतीला त्यातून पाणी आधी हळूच वर चढतं, मग एकदम उसळतं, सगळीकडे पांढरं पसरतं, आणि लगेच चहूबाजूंनी परत आत ओढलं जातं. आम्ही लांब उभे होतो आणि तू पण लांबच राहा. त्या किनाऱ्यावर अचानक एखादी लाट बाकीच्यांपेक्षा खूप आत येते आणि वाहून आलेले मोठाले ओंडके सहज उचलते, त्यामुळे समुद्राकडे पाठ करायची नाही हे तिथे सगळेच सांगतात.

खरं सुख रात्रीचं. एका रात्री वादळ आलं, समुद्राकडची खोली होती, दिवा बंद करून खिडकीशी बसलो आणि मोठी लाट कातळावर आपटली की काच थरथरायची, आवाज कानाआधी छातीत जाणवायचा. सकाळी काचेवर मिठाचा थर, मालकीणबाई फडकं घेऊन पुसतायत. त्याच पुसलेल्या खिडकीतून नाश्ता करताना व्हेल दिसले! पूर्ण अंग नाही, नुसता श्वासाचा फवारा, मग काळी पाठ, मग परत फवारा. ग्रे व्हेल अलास्काकडून मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पापर्यंत जातात, डिसेंबरच्या शेवटी इथून दक्षिणेकडे आणि मार्चच्या शेवटी परत उत्तरेकडे. टेबलावरचे सगळे अनोळखी लोक एकमेकांच्या हातात दुर्बीण देत होते. हॉटेलच्या लिफ्टमध्ये हे होत नाही.

खोलीच्या दारामागे त्सुनामी आली तर कुठल्या वाटेने वर पळायचं त्याचा नकाशा लावलेला. आधी जरा चरकलो, पण कारण खरं आहे. २६ जानेवारी १७०० ला इथे समुद्राखाली प्रचंड भूकंप झाला होता, त्याची तारीख कळली ती जपानमधल्या नोंदींवरून, कारण लाटा तिथवर गेल्या होत्या. नकाशा वाच, वाट बघून ठेव आणि निवांत झोप.

आणि जवळच केप पर्पेचुआ म्हणून समुद्रात घुसलेला डोंगर आहे, त्याच्या माथ्यावर जा, गाडी वरपर्यंत जाते, पाण्यापासून जवळजवळ ८०० फूट. कॅप्टन कुकने हे टोक मार्च १७७८ मध्ये पाहिलं होतं. पायथ्याच्या जंगलात साडेपाचशे वर्षांच्या पुढचा सिट्का स्प्रूस वृक्ष उभा आहे, त्याच्यापाशी पण जा.

दक्षिणेला थोडं गेलं की हेसेटा हेडचं दीपगृह. दिवा १८९४ पासूनचा, दर १० सेकंदांनी झोत. तिथे रखवालदारांचं जुनं घर आता बेड अँड ब्रेकफास्ट आहे, घर वनखात्याच्या मालकीचं, आणि त्यांचा सात पदार्थांचा नाश्ता प्रसिद्ध आहे. मी संध्याकाळी नुसतं बघून आलो, पण तुला आणि वहिनीला तिथे एक रात्र मिळाली तर दुसरा विचार करू नका.

अजून एक सांगायचंय, मला फार आवडलं म्हणून. घरं एवढी पाण्याला लागून आहेत पण वाळू कुणालाच अडवता येत नाही. १९१३ मध्ये गव्हर्नर ओस्वाल्ड वेस्टने ओल्या वाळूला सरळ सार्वजनिक रस्ताच ठरवून टाकलं. पुढे १९६६ मध्ये एका मोटेलवाल्याने कोरडी वाळू आपल्या पाहुण्यांसाठी अडवली, लोक भडकले आणि १९६७ मध्ये कायदा झाला की कोरडी वाळूही सगळ्यांना खुली. त्यामुळे एवढ्या सुंदर घरात राहून सुद्धा आपण कुणाचं काही अडवून बसलोय असं वाटत नाही, बाहेर शेजारपाजारचे लोक कुत्री घेऊन आरामात फिरत असतात.

तर तू कधी येणार ते आधी ठरव. उघडं आकाश हवं असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबर, वादळ आणि व्हेल हवे असतील तर डिसेंबर. ओहोटीचं म्हणशील तर उन्हाळ्यात मोठी ओहोटी सकाळी येते, हिवाळ्यात अंधार पडताना, पोरांना समुद्रफुलं दाखवायची असतील तर उन्हाळाच बरा. खोली समुद्राकडचीच माग, एक रात्र कमी झाली तरी चालेल पण खिडकी तीच हवी. तारखा कळव, भरतीचं टाइमटेबल बघून कुठे कधी जायचं ते मी काढून देतो. दुर्बीण माझी ने.

काका-काकूंना नमस्कार.

तुझा,
निखिल